ससाणा पाळून ससे जाणार नाहीत

मा. संपादक,
स. न.

सशांच्या बंदोबस्तासाठी ससाणे पाळण्याविषयीचा कालच्या अंकातला लेख वाचला. चामडी हातमोज्यावर बसलेल्या पक्ष्याचा फोटो एवढा मोठा छापलात, पण आपल्याकडे हे बेकायदा आहे ही एक ओळ कुठेच नाही. आज सकाळी शेजारचा बारावीतला मुलगा तेच पान घेऊन आला. शिकऱ्याचं, म्हणजे ससाण्यासारख्या छोट्या शिकारी पक्ष्याचं पिल्लू कुठल्या झाडावर मिळेल, असं विचारत होता. म्हणून तातडीने लिहितोय.

ती पद्धत इंग्लंडातली आहे. तिथला ससा बिळात राहतो. बिळात फेरेट नावाचा मुंगसासारखा प्राणी सोडतात आणि ससा बाहेर पळाला की त्याच्यावर हॅरिस हॉक हा पाळलेला शिकारी पक्षी सोडतात. आपला ससा बीळ करतच नाही. दिवसभर गवतात दबून बसतो आणि अंधार पडल्यावर हरभऱ्यात शिरतो. त्या वेळी ससाणा काय कामाचा? शिकरा तर जेमतेम पाव किलोचा, ससा दोन-अडीच किलोचा. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससा आणि हे सगळे शिकारी पक्षी संरक्षित आहेत. त्या पोरावर गुन्हा दाखल झाला तर कोर्टात कोण उभं राहणार?

सशांचा त्रास मला चांगला ठाऊक आहे. गेल्या रब्बीत ओढ्याकडच्या हरभऱ्याचे कोवळे शेंडे त्यांनी आठ दिवसांत खुडून नेले. बांधाला जुन्या साड्या बांधल्या, तेव्हा थोडं वाचलं. रात्री पाणी भरायला जातो म्हणून ससे समोर दिसतात. थंडीत बॅटरी घेऊन, साप-बिबट्याच्या भीतीने आम्ही पाणी भरतो. शेतीला दिवसा वीज द्या, ही मागणी किती वर्षं करायची? त्यावर एक पान छापा.

आमच्या ओढ्याच्या मातीच्या कड्यात शृंगी घुबडांची जोडी राहायची. माझ्या वडिलांच्या वेळेपासून तिथे घुबडं होती. उंदीर, घुशी हे त्यांचं मुख्य खाणं, पण ससाही धरायची. कपारीखाली हाडं आणि केसांच्या गोळ्या पडलेल्या मी लहानपणापासून पाहिल्यात. तीन वर्षांपूर्वी रस्त्याच्या कामाला मुरूम हवा म्हणून जेसीबी लावून तो कडा दोन दिवसांत खणून नेला. मी आडवा गेलो, अर्ज दिला, पोच घेतली. पाहणीला कोणी आलं ते पावसाळ्यानंतर, तोवर तिथे खड्ड्यात पाणी साचलं होतं. घुबडं पुन्हा दिसली नाहीत. ससे आणि घुशी त्यानंतरच वाढल्या, हे मी रोज बघतोय.

फुकट राखण करणारा पक्षी आपण असा घालवला आणि आता परदेशातली पद्धत शिकायला सांगता!

त्या मुलाला मी समजावून परत पाठवलं. पण तुमचा अंक गावोगाव जातो. ससाणा, शिकरा पकडणं गुन्हा आहे हे त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. सिन्नर, जि. नाशिक