समुपदेशन म्हणजे समजूत काढणे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन आला की सगळ्याच वृत्तपत्रांत लेख येतात आणि बहुतेक लेख ‘गरज वाटल्यास समुपदेशकाची मदत घ्यावी’ या वाक्यावर संपतात. पुढे त्या खोलीत होते काय, हे मात्र कोणी लिहीत नाही. त्यामुळे आमच्या चोपडा-यावल भागात अशी समजूत झाली आहे, की समुपदेशक म्हणजे चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणारा माणूस. ‘मॅडम, याला जरा समजावून सांगा’ म्हणत नातेवाईक पेशंटला आत धाडतात. पण समजावणारे आपल्याकडे कमी का आहेत? सासरा समजावतो, मेहुणा समजावतो, सोसायटीचा चेअरमनसुद्धा पारावर बसून समजावतो. एवढ्याने भागले असते तर दवाखान्याची पायरी चढायची वेळच आली नसती.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. माझ्या भाच्याची ऐन निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली केळीची बाग वादळात आडवी झाली. तेव्हापासून त्याने शेतात जाणे सोडले, झोप गेली. काही विचारले की ‘मावशी, मन लागत नही’ एवढेच बोलायचा. सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि समुपदेशक बाईंकडे पाठवले. त्याने आपणहून सांगितले तेवढेच इथे लिहिते, तेही त्याला विचारून.

बाईंनी पहिल्यांदा आम्हा सगळ्यांना बाहेर बसवले. त्याचे सासरे जरा चिडलेच. आत त्याला सांगितले, ‘इथलं बोलणं इथंच राहील. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तरच मी घरच्यांना सांगेन.’ तो अहिराणीत बोलत राहिला. बाईंना सगळे समजत नव्हते, पण अडले तिथे त्या विचारत होत्या. मग त्यांनी सरळ विचारले, ‘जगणं नको असं मनात येतं का?’ हा प्रश्न आमच्यापैकी कोणाच्या तोंडून निघाला नसता. विचारले तर नसलेला विचार डोक्यात भरवू, ही भीती. पण विचारल्याने तसे होत नाही, उलट माणूस सुटकेचा श्वास टाकतो, हे आता डोळ्यांनी पाहिले. त्याच दिवशी त्याच्या संमतीने त्याच्या बायकोला आणि मला आत बोलावून त्यांनी घरातली फवारणीची औषधे दुसऱ्याच्या गोदामात कुलपात ठेवायला आणि रात्री त्याला एकटे न सोडायला सांगितले. माझ्या लेखी हाही उपचारच.

‘मग मी करू काय?’ या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले नाही. त्यांनीच विचारले, ‘मागच्या वर्षी या दिवसांत सकाळी काय करायचात?’ तो म्हणाला, शेतीची लाइट रात्रीची असायची, पहाटे विहिरीवर जाऊन मोटार बघायचो. मग दोघांत ठरले, की मन असो वा नसो, रोज विहिरीपर्यंत जाऊन यायचे. बाकी काही नाही. मन लागले की कामाला लागू, असे आपण म्हणतो. या उपचारात क्रम उलटा. आधी पाय हलतात, मन मागून येते. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने याच धर्तीवर गावातल्याच साध्या माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ भेटींचा उपचार करून पाहिला. तीव्र नैराश्याच्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला तो दिला, तेव्हा गुण जास्त आला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला आहे.

मला सर्वांत भावला तो कर्जाचा कागद. विकासोचे (गावच्या सहकारी सोसायटीचे) पीककर्ज, कृषी केंद्राची उधारी, ठिबकचे देणे, हातउसने असे सगळे त्याच्याच हाताने एका कागदावर लिहायला लावले. पुढे नाव, रक्कम, तारीख. डोक्यात होते तोवर ते सगळे एकच होते. कागदावर त्याचे तुकडे पडले. ‘कर्ज मी फेडू शकत नाही,’ हे बाईंनी स्पष्ट सांगितले. ‘होईल सगळं नीट’ असे एकदाही म्हणाल्या नाहीत. प्रत्येक नावापुढे या आठवड्यात हातात काय आहे, तेवढेच लिहायचे. फळपीक विम्याचे राहिलेले कागद त्याने त्यातूनच गोळा केले.

‘बाग गेली, मी काहीच कामाचा नाही,’ हे त्याचे पालुपद होते. बाईंनी वाद घातला नाही. शेजाऱ्याची बागही आडवी झाली, मग तोही कामाचा नाही का, एवढेच विचारले. अल्बर्ट एलिस यांनी १९५५मध्ये मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा हा गाभा आहे, असे मी नंतर वाचले. तोटा झाला हे खरे, पण त्यावरून अख्ख्या माणसाचा निकाल लावायचा नाही.

भाचा आता रोज शेतात जातो. वाईट दिवस अजूनही येतात. दाढी वाढू लागली, फोन बंद राहू लागला की घरच्यांनी ओळखायचे, हे दोघांनी मिळून ठरवून ठेवले आहे. भेटींमधले अंतर बाईंनीच वाढवत नेले. गोळ्या मात्र मनाने बंद करायच्या नाहीत, अशी ताकीद आहे.

आता तक्रार. ज्या खोलीत हे सगळे झाले तिला दार नव्हते, पडदा होता. मधेच कोणी रजिस्टर न्यायला येई, की बोलणे थांबे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तो पडद्याआड कसा पाळायचा? खासगीतले तर विचारू नका. चार दिवसांचा कोर्स करून जन्मपत्रिका बघण्यासोबत ‘काउन्सेलिंग’ करणाऱ्यांचेही बोर्ड दिसतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक खुशाल मागावा.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्याच्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नसल्याचे आढळले होते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून आहे, त्यावर मराठीतही बोलता येते. पण धडगावकडच्या कित्येक पाड्यांवर आधी रेंज तर हवी. चोपडा, रावेर, शिरपूर, शहादा, धडगाव इथल्या सरकारी रुग्णालयांत आठवडे बाजाराच्या दिवशी समुपदेशक बसावा, ही माझी मागणी. त्या दिवशी माणूस तालुक्याला येतोच, कशाला आलास म्हणून कोणी विचारत नाही. अहिराणी, पावरी, भिलोरी बोलणाऱ्या स्थानिक मुला-मुलींना गोव्यासारखे शिकवावे. आणि आपण केळीचे भाव छापता, त्याच पानावर १४४१६ आणि सरकारी मानसोपचार ओपीडीचे वार छापावेत.

माझे नाव मात्र छापू नये. भाच्याच्या मुलीचे जमायचे आहे, आणि आपली माणसे कशी आहेत ते आपण जाणताच.

आपली,
एक वाचक, ता. चोपडा, जि. जळगाव