आधी सॉफ्टवेअर ठरवा, मग संगणक घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संगीत शिकणारे विद्यार्थी नवा संगणक घेतात आणि तो हातात आल्यावर विचारायला लागतात, ‘आता यात रेकॉर्डिंगसाठी काय टाकू?’ हा क्रम उलटा आहे आणि तो महागात पडतो. लॉजिक प्रो आणि गॅरेजबँड ही मुद्रणाची सॉफ्टवेअर फक्त अ‍ॅपलच्या यंत्रांवर चालतात. लॉजिक एकेकाळी विंडोजवरही होते. २००२ मध्ये अ‍ॅपलने ते बनवणारी एमॅजिक ही कंपनी घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद केली. क्रोमबुकवर मुद्रणाचे बहुतेक मोठे सॉफ्टवेअर थेट बसत नाही, तिथे बहुधा ब्राउझरमध्ये चालणाऱ्या साधनांवरच भागवावे लागते. एआरएम या वेगळ्या घडणीच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या नव्या विंडोज लॅपटॉपची गोष्ट आणखी फसवी आहे. त्यांवर जुने सॉफ्टवेअर अनुकरणाच्या (जुन्या प्रोसेसरची नक्कल करण्याच्या) आधाराने उघडते, त्यामुळे सगळे ठीक आहे असे वाटते. पण ऑडिओ इंटरफेसचा (माईक आणि वाद्य संगणकाला जोडणाऱ्या पेटीचा) ड्रायव्हर, म्हणजे ती पेटी चालवणारा प्रोग्रॅम, तसा चालत नाही, तो उत्पादकाने त्या प्रोसेसरसाठी मुद्दाम बनवलेलाच लागतो. तो नसेल, तर इंटरफेस आपल्या खऱ्या ड्रायव्हरशिवायच वापरावा लागतो किंवा अजिबात चालत नाही. म्हणून आधी सॉफ्टवेअर आणि इंटरफेस ठरवावा, आणि दोन्हींच्या उत्पादकांनी दिलेल्या गरजा वाचूनच संगणक निवडावा.

सॉफ्टवेअर ठरवताना ‘सर्वांत चांगले कोणते’ या प्रश्नातून काही निघत नाही. तुम्ही काय मुद्रित करणार, हे विचारा. माईकसमोर गाणार किंवा वाद्य वाजवणार, की कीबोर्ड जोडून सॉफ्टवेअरमधली वाद्ये वाजवणार, की तयार मुद्रण फक्त कापून स्वच्छ करणार? ऑडॅसिटी मोफत आहे आणि कापाकापीसाठी उत्तम आहे, पण त्यात मिडी कीबोर्डचे (आवाजाऐवजी सुरांच्या सूचना संगणकाला पाठवणाऱ्या कीबोर्डचे) वादन मुद्रित होत नाही. एलएमएमएस नेमके उलटे: बीट आणि सुरावटी रचायला छान, पण त्याच्या स्थिर आवृत्तीत माईकचा आवाज थेट घेता येत नाही. एफएल स्टुडिओच्या सर्वांत खालच्या, ‘फ्रूटी’ नावाच्या आवृत्तीतही गायन मुद्रित करण्याची सोय नाही. ती वरच्या आवृत्तीपासून सुरू होते. नावाजलेले म्हणून ती आवृत्ती घेतली आणि गायला बसल्यावर अडले, असे होऊ नये.

माझे स्पष्ट मत सांगतो. मॅक असेल तर गॅरेजबँडपासून सुरुवात करावी. ते मोफत आहे आणि त्यातले काम पुढे लॉजिकमध्ये जसेच्या तसे उघडते. विंडोज किंवा लिनक्स असेल आणि मुख्य काम माईकने मुद्रण करण्याचे असेल, तर रीपर पाहावे. ते हलके आहे, जुन्या यंत्रावरही तग धरते, ६० दिवस कुठलीही कात्री न लावता वापरता येते आणि त्यानंतर वैयक्तिक व शैक्षणिक वापरासाठी सवलतीचा परवाना मिळतो. उणीव एवढीच की, सोबत वाद्यांचे नमुने जवळजवळ नाहीत, ते बाहेरून आणावे लागतात. बीट आणि लूपवरच (पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्यांवरच) गाणे उभे करणाऱ्याला एबलटन लाइव्ह किंवा एफएल स्टुडिओ लवकर हाताला बसते.

चाचणी आवृत्तीच्या अटी मात्र बारकाईने वाचाव्यात. एफएल स्टुडिओच्या चाचणी आवृत्तीत काम साठवता येते, पण परवाना घेईपर्यंत ते पुन्हा उघडत नाही. प्रो टूल्सच्या मोफत ‘इंट्रो’ आवृत्तीत ऑडिओचे ८ ट्रॅक (स्वतंत्र मुद्रणाचे पट्टे) मिळतात. ऐकायला पुरेसे वाटतात. पण मुख्य आवाज, त्याची दुसरी प्रत, साथीचे दोन आवाज आणि डावी-उजवी गिटार एवढ्यातच ६ संपतात, चार माईकवर घेतलेला ड्रम त्यात मावत नाही. अनेक इंटरफेस आणि मिडी कीबोर्डच्या खोक्यात एबलटन लाइव्ह लाइट किंवा क्युबेस एलई या छोट्या आवृत्त्यांचा कोड असतो. वेगळे सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी तो शोधावा. विद्यार्थी सवलत घेताना परवाना दुसऱ्याला देता येतो का, शिक्षण संपल्यावर तो चालू राहतो का आणि पुढची आवृत्ती कोणत्या दराने मिळते, एवढे पाहून घ्यावे.

दोन सॉफ्टवेअरमध्ये निवड करायची असेल, तर वैशिष्ट्यांचे तक्ते बाजूला ठेवा आणि एकच छोटे गाणे दोन्हींत करून पाहा. क्लिकवर (लय दाखवणाऱ्या टकटकीवर) एक गिटार, त्यावर आवाजाचे तीन टेक, म्हणजे तीनदा गाऊन घेतलेले मुद्रण. मग तिसऱ्या ओळीतला एकच शब्द मधूनच पुन्हा गा आणि तो जोडा. तीन टेकमधल्या चांगल्या ओळी निवडून एक सलग आवाज तयार करा. शेवटी सगळे ट्रॅक वेगवेगळे बाहेर काढा. मुद्रणाचे रोजचे काम साधारण हेच असते. ज्या सॉफ्टवेअरमध्ये तो एक शब्द बदलताना मदतपुस्तिका कमीत कमी वेळा उघडावी लागली, ते तुमचे.

आता ज्या एका गोष्टीने सर्वाधिक विद्यार्थी हताश होतात ती: गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येणे. दोष सॉफ्टवेअरला दिला जातो, पण कारण बहुधा बफर आणि ड्रायव्हर हे असते. संगणक आवाज थेंबाथेंबाने घेत नाही, ठरावीक सॅम्पलचा (आवाजाच्या क्षणोक्षणीच्या मोजमापांचा) गठ्ठा जमला की उचलतो; हा गठ्ठा म्हणजेच बफर. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल घेताना, १०२४ सॅम्पलचा गठ्ठा म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद; आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, म्हणजे ४३. एवढ्या उशिराने लय हमखास ढासळते. तोच बफर १२८ केला, तर प्रत्येक बाजूला २.७ मिलिसेकंद लागतात आणि परिवर्तकांचा (आवाजाचे आकड्यांत आणि आकड्यांचे आवाजात रूपांतर करणाऱ्या भागांचा) वेळ धरूनही बऱ्याच इंटरफेसवर एकूण दहाच्या आसपास राहतो, तो सहन होतो. मग बफर कायम लहान का ठेवू नये? कारण गठ्ठा लहान झाला की प्रोसेसरला वेळ कमी मिळतो आणि आवाजात कटकट येते. म्हणून मुद्रण करताना १२८ किंवा कमी, मिक्सिंग करताना ५१२ किंवा १०२४, आणि गाणे घेतले जात असताना मास्टर ट्रॅकवरचे (सगळे ट्रॅक एकत्र होतात त्यावरचे) जड प्लगइन, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणारे जोडप्रोग्रॅम, बंद.

विंडोजवर इंटरफेसच्या उत्पादकाचाच एएसआयओ (कमी उशिराने आवाज पोचवणाऱ्या पद्धतीचा) ड्रायव्हर टाकावा. मॅकवर ही सोय मुळातच आहे. एएसआयओवर सहसा एका वेळी एकच उपकरण चालते, त्यामुळे दोन यूएसबी माईक घेऊन दोघांना एकदम गायला लावण्याचा बेत फसतो. कसेबसे जोडलेच, तरी दोन्हींची घड्याळे वेगळी असल्याने आवाज हळूहळू एकमेकांपासून सरकतात. दोन इनपुटांचा एक इंटरफेस घ्यावा. त्यावर डायरेक्ट मॉनिटरचे बटण असेल, तर ते दाबून सॉफ्टवेअरमधले मॉनिटरिंग बंद करावे, म्हणजे आवाज संगणकात न शिरता थेट कानात येतो. ब्लूटूथ हेडफोन मुद्रणासाठी वापरू नयेत. त्यांचा उशीर बहुधा १०० मिलिसेकंदांहून जास्त असतो आणि तो बफर बदलून कमी होत नाही. वायरचे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन हवेत, नाहीतर क्लिक माईकमध्ये शिरते.

गाताना ठीक वाटले, पण मुद्रित झालेला आवाज मागे पडलेला दिसला, तर अंदाजाने सरकवू नका, मोजा. इंटरफेसच्या आउटपुटमधून एक केबल त्याच्याच इनपुटला जोडा. स्पीकर, डायरेक्ट मॉनिटर आणि ट्रॅकचे मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर शिट्टी वाजेल. एका ट्रॅकवर क्लिकची फाइल वाजवा, दुसऱ्यावर तीच मुद्रित करा आणि दोन्ही लाटा मोठ्या करून पाहा. नवी क्लिक ९६ सॅम्पल मागे असेल, तर ४८ किलोहर्ट्झला ती बरोबर २ मिलिसेकंद उशिरा आहे. तेवढी भरपाई सेटिंगमध्ये एकदा भरली की पुढचे सगळे टेक जागेवर बसतात. बफर किंवा सॅम्पल रेट (सेकंदाला किती सॅम्पल घ्यायचे ते) बदलला, तर मोजणी पुन्हा करावी.

संगणकाच्या बाबतीत पैसा आधी मेमरीत घालावा. वाद्यांचे नमुने मेमरीत चढतात. ८ जीबीवर गायन आणि गिटार निभते, पण मोठा वाद्यवृंद उभा करायचा तर १६ हवेत. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डवरच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही, हे घेण्याआधी तपासावे. साठवण एसएसडी हवी. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ एमबी घेतो. ५ मिनिटांचे ८ ट्रॅक म्हणजे साधारण ३४६ एमबी, आणि प्रत्येकाचे दहा टेक ठेवले तर साडेतीन जीबी. कामाचा फोल्डर क्लाउडशी आपोआप जुळवल्या जाणाऱ्या जागेत ठेवू नये, मुद्रण चालू असतानाच फाइल वर चढू लागते आणि अडथळा येतो. लॅपटॉप चार्जरवर ठेवावा. बॅटरीवर प्रोसेसर वेग कमी करतो आणि नेमक्या चांगल्या टेकमध्ये कटकट येते. तरीही आली, तर वाय-फाय बंद करून पाहावे. विंडोजवर लेटन्सीमॉन हे साधन कोणता ड्रायव्हर अडवतो आहे ते दाखवते.

सॅम्पल रेट पहिल्याच दिवशी ठरवून सगळीकडे एकच ठेवावा. व्हिडिओसाठी काम असेल तर ४८, नाहीतर ४४.१ किलोहर्ट्झही चालते. ४४.१ ची फाइल न बदलता ४८ वर वाजली, तर ती जवळजवळ नऊ टक्के वेगाने पळते आणि सूर सुमारे दीड सेमीटोन चढतो: काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधोमध कुठेतरी जाऊन बसते आणि त्यावर कुठलेच वाद्य जुळत नाही. बिट-डेप्थ (प्रत्येक सॅम्पल किती बारकाईने साठवायचे ते) २४ ठेवावी, म्हणजे आवाज शून्य डेसिबलजवळ, मीटरच्या कमाल मर्यादेजवळ, नेण्याची घाई राहत नाही. सर्वांत जोरकस ओळ उणे १२ डेसिबलच्या आसपास पोचेल इतकाच गेन (इनपुटची पातळी) द्यावा. शून्याला फाटलेला आवाज कुठल्याही प्लगइनने पूर्ववत होत नाही.

सॉफ्टवेअर कायम राहील, असे गृहीत धरू नका. केकवॉकच्या सोनार या मुद्रणाच्या सॉफ्टवेअरचे काम मालक कंपनी गिब्सनने नोव्हेंबर २०१७ मध्ये थांबवले. फेब्रुवारी २०१८ मध्ये बँडलॅब या कंपनीने ते घेतले म्हणून वापरणारे वाचले. त्यामुळे गाणे पूर्ण झाले की प्रत्येक ट्रॅक पहिल्या मात्रेपासून, एकाच लांबीचा, २४ बिट वेव्ह (सगळीकडे उघडणारी ऑडिओ फाइल) म्हणून काढावा. मिडी वेगळी ठेवावी आणि सोबत टेम्पो, सॅम्पल रेट व वापरलेल्या प्लगइनची नावे एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहावीत. असा संच कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला लावला की जुळतो. तो दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावा.

चोरीच्या प्रती टाकू नयेत, हे अनैतिक म्हणून तर आहेच; शिवाय त्यांच्यासोबत घातक प्रोग्रॅम येतात आणि यंत्रणा अद्ययावत झाली की काम उघडेनासे होते. मोफत आणि सवलतीचे इतके पर्याय असताना त्याची गरजही उरलेली नाही.

शेवटी संगीत शिकवणाऱ्या संस्थांना विनंती. अभ्यासक्रमात कोणते सॉफ्टवेअर वापरले जाते, गृहपाठ प्रकल्प फाइल म्हणून हवा की वेव्ह ट्रॅक म्हणून, आणि कोणता सॅम्पल रेट हवा, या तीन गोष्टी प्रवेशाच्या माहितीपत्रकातच छापाव्यात. विद्यार्थ्याने संगणक घेतल्यानंतर पहिल्या तासाला त्या सांगून उपयोग होत नाही.

आपला,
ध्वनिमुद्रण शिकवणारा एक वाचक