मंत्रीसाहेब, सत्काराला येताना पदांचा हिशेब घेऊन या

मा. आरोग्यमंत्री यांस,
स.न.वि.वि.

तुमच्या ऑफिसातून निरोप आला की माझा ट्रेक संपेल त्या दिवशी तुम्ही स्वतः स्वागताला येणार, सत्कार करणार. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण स्टेजवर मला दोन मिनिटं मिळणार आणि त्यातलं दीड आभार मानण्यात जाणार, म्हणून आत्ताच लिहितेय.

मी एकटी चालतेय, तरुण मुलामुलींच्या मानसिक आरोग्यासाठी पैसे गोळा करतेय. लोक मनापासून देतात, पण कधी देतात ते बघा. टाचेवरचा फोड फुटून मोजा रक्ताने चिकटला, तो फोटो टाकला तर रात्रीत डोनेशन धो धो, आणि नुसता चालतानाचा टाकला की लाइक फक्त. जखम दिसली की खिसा उघडतो. मग जिला सकाळी अंथरुणातून उठवतच नाही त्या पोरीने कसला फोटो टाकायचा?

बरं, हे पैसे येतात एकदाच. 1980 मध्ये टेरी फॉक्स कृत्रिम पायावर कॅनडात 143 दिवस धावला, कॅन्सरच्या संशोधनासाठी, आणि त्याच्या नावाने दरवर्षी रन होतात म्हणून तो पैसा चालू राहिला. माझ्या नावाने कोण धावतंय! आणि समुपदेशकाचा पगार तर दर महिन्याला लागतो. एखादं पोरगं तिसऱ्या-चौथ्या भेटीत कुठे तोंड उघडतं आणि तेवढ्यात प्रोजेक्ट संपला म्हणून ताई गायब, त्यापेक्षा ती आलीच नसती तर बरं, असं वाटेत भेटलेल्या एका शिक्षिकेने मला तोंडावर सांगितलं. मला उत्तर सुचलं नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की 10 ते 19 वयातल्या दर सात जणांत एकाला मानसिक आजार असतो, आणि सरकारं आरोग्याच्या बजेटमधले सरासरी जेमतेम 2 टक्के मानसिक आरोग्यावर खर्च करतात. ती तूट डोनेशनने कशी भरून निघणार?

आता एक साधी गोष्ट. माझ्याकडे सॅटेलाइट ट्रॅकर आहे. संध्याकाळी टेंट लावला की बटण दाबायचं, 'ठीक आहे' असा मेसेज बहिणीला जातो. नाही गेला तर ती ठरलेल्या वेळेपर्यंत वाट बघते आणि मग रेस्क्यूवाल्यांना फोन. धडधाकट बाईसाठी एवढी सोय! आणि मानसोपचाराच्या वॉर्डातून घरी सोडलेल्या मुलासाठी? डिस्चार्जनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचा धोका फार वाढलेला असतो, हे डॉक्टर लोकांना कधीचं माहितीये, आणि नेमकं तेव्हा त्याच्या हातात असते गोळ्यांची चिठ्ठी आणि पुढची लांबची तारीख. त्याला आठवड्याच्या आत कोणीतरी फोन करायला पाहिजे, झोप लागते का, गोळ्या घेतोस का, जीव द्यायचे विचार येतात का, असं सरळ. विचारल्याने असले विचार डोक्यात शिरतात हा गैरसमज आहे, उलट बऱ्याच जणांना कोणी विचारलं म्हणून हायसं वाटतं. याला नवीन बिल्डिंग लागत नाही, मशीन लागत नाही, शिकवलेला माणूस लागतो, यादी लागते, फोन लागतो, आणि त्या माणसाची नोकरी पुढच्या वर्षीही असावी लागते.

(आणि प्लीज, 'चाला आणि डिप्रेशन पळवा' असलं भाषण नको. चालण्याने मदत होते, पण ज्याला उपचारच हवेत त्याचं बुटांवर भागत नाही.)

तर सत्काराला जरूर या. येताना समुपदेशकांची मंजूर पदं किती, त्यातली भरलेली किती, आणि डिस्चार्जनंतरचा फोन करायचं काम नक्की कोणाकडे, एवढं लिहून आणा. नाही आणलंत तर माइक हातात आल्यावर मी तेच विचारणार आहे, आधीच सांगून ठेवते.

आपली,
अजून वाटेतच असलेली एक ट्रेकर