फ्यूजबॉक्सच्या झाकणातला कागद

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

माझ्या गाडीच्या वायरिंगच्या कामाचे तुम्ही पैसे घेतले नाहीत, आणि समोर बसून आभार मानू लागलो की विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. रामबागेत तुम्हाला ओळखणारे पुष्कळ आहेत. त्यांनाही कळू दे.

बाबांनी घेतलेली ४०७, म्हणजे टाटाचा छोटा ट्रक, आता मी चालवतो, चोइथराम मंडीतून माल भरून खंडव्याच्या वाटेला. श्रावणातल्या त्या रात्री भेरूघाटात पाऊस कोसळत होता. डॅशबोर्डमागून जळकट वास आला आणि दोन्ही हेडलाइट एकदम गेले. मागे कांद्याची पोती, शेजारी धाकटा भाऊ. गाडी कशीबशी कडेला लागली. त्या काळोखातली दोन-तीन मिनिटं अजून आठवतात.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आलो तो "तेवढी वायर जोडून द्या" म्हणायला. तुम्ही डॅशबोर्ड उघडलात आणि गप्प झालात. फॉगलाइट, पंखा, म्युझिक, मोबाइलचा चार्जर, सगळं हेडलाइटच्या एकाच वायरला सोलून, पिळून, टेप गुंडाळून जोडलेलं. फ्यूजच्या जागी तांब्याची तार. कुणीतरी पूर्वी केलेलं ते काम मी वर्षानुवर्षं तसंच वापरत होतो. तुम्ही ती काळी पडलेली वायर माझ्या तळहातावर ठेवलीत आणि म्हणालात, "फ्यूज वायर वाचवायला असतो रे. तो वितळला नाही, म्हणून वायर वितळली."

मग कालनिर्णयच्या जुन्या पानामागे तुम्ही माझ्याकडून हिशेब करून घेतलात. ५५ वॅटचे दोन फॉगलाइट म्हणजे ११० वॅट, भागिले १२ व्होल्ट, नऊ अँपिअरच्या वर. हेडलाइट तेवढाच घेतात, म्हणजे त्या वायरवर दुप्पट भार. पंखा, चार्जर, म्युझिक वेगळेच. हेडलाइट सोडून, वरून जोडलेल्या गोष्टींची बेरीज सतरा-अठरा अँपिअर आली, तेव्हा कुठे तुम्ही आणायच्या सामानाची यादी दिलीत.

रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही माझ्याबरोबर होतात. बॅटरीचं टर्मिनल आधी सोडवायला लावलंत. बॅटरीपासून वीतभर अंतरावर ३० अँपिअरचा मुख्य फ्यूज, तिथून ६ चौरस मिलिमीटरची लाल वायर, केबिनमध्ये शिरते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे पत्र्याच्या कडेनं वायर कापायला नको. मग रिले, म्हणजे छोट्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, आणि सहा खणांचा फ्यूजबॉक्स. रिलेला इशारा इग्निशनचा, त्यामुळे चावी काढली की सगळं बंद. सकाळी उतरलेली बॅटरी आणि धक्का मारणं तेव्हापासून संपलं. फॉगलाइटला १५ चा निळा फ्यूज, म्युझिकला १० चा लाल, पंख्याला आणि चार्जरला ५ चा बदामी. दोन खण मोकळे ठेवलेत, पुढच्या कामासाठी.

पण सगळ्यात जास्त वेळ तुम्ही अर्थिंगला, म्हणजे गाडीच्या लोखंडातून बॅटरीकडे परतणाऱ्या वाटेला दिलात, आणि मला तेच फार शिकवून गेलं. प्रत्येक सामानाची काळी वायर मिळेल त्या स्क्रूला अडकवलेली होती. तुम्ही चासीवरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरचा रंग पॉलिश पेपरने घासायला लावलात. मी दोनदा "झालं" म्हणालो, तुम्ही दोनदा बोटानं चाचपून "अजून" म्हणालात. पत्रा आरशासारखा चमकला, तेव्हा वायरच्या टोकाला थिंबल, म्हणजे धातूची कडी, बसवून बोल्ट आवळलात आणि वर व्हॅसलिन लावलंत. संध्याकाळी फॉगलाइटच्या होल्डरवर मल्टीमीटर लावला. आदल्या दिवशी तिथे जेमतेम साडेदहा व्होल्ट दिसत होते, आता इंजिन चालू असताना साडेतेरा.

कुठल्या खणात काय आणि किती अँपिअरचा, हे तुम्ही तुमच्या सुवाच्य अक्षरात लिहून झाकणाच्या आत चिकटवलंत. गेल्या आठवड्यात सिमरोलच्या पुढे पंखा अडकला आणि फ्यूज उडाला. फक्त पंख्याचा. हेडलाइट लागलेलेच होते. टॉर्चच्या उजेडात तो कागद वाचला, बदामी फ्यूज बदलला आणि पुढे निघालो. भाऊ म्हणाला, "काकांना फोन कर." रात्रीचे दोन वाजले होते, म्हणून केला नाही.

काका, मनापासून आभार. दसऱ्याला सकाळी गाडीची पूजा आहे. आईनं सांगितलंय, यंदा हार तुमच्या हातून घालायचा. काकूंना घेऊन या.

तुमचा,
४०७ वाला
इंदूर