‘आणि तिला जमलं!’ एवढ्यानं भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन जवळ आला की शाळा, वाचनालयं, मंडळं मुलांसाठी पुस्तकांचे संच विकत घेतात. त्यांत एका प्रकारची चित्रपुस्तकं हटकून असतात. एखादं मूल नवीन काहीतरी शिकतं आणि त्याच्या जोरावर कुणाच्या तरी उपयोगी पडतं. विषय उत्तमच आहे. चार ते आठ वर्षांच्या मुलांना ‘मला येतं’ हे सांगण्यात फार मोठा आनंद असतो. पण यातली बरीच पुस्तकं शिकण्याचा भागच गाळून टाकतात. चौथ्या पानावर मुलीला सायकल येत नसते. सहाव्या पानावर ती सायकलवरून शेजारच्या आजोबांची औषधं आणायला निघालेली असते. मध्ये ‘तिने खूप प्रयत्न केले’ एवढं एक वाक्य. ती पडली कशी, पाय टेकायला कधी शिकली, मागून सीट धरणाऱ्यानं हात केव्हा सोडला, हे मुलांना पाहायचं असतं आणि तेच नेमकं नसतं.

सुईत दोरा ओवण्याचंच घ्या. आजीला नेढं दिसत नाही आणि नातवंड दोरा ओवून देतं, हे आपल्या घरांत आजही घडतं. पुस्तकासाठी हा प्रसंग फार चांगला, कारण गरज खरी आहे आणि मदत मुलाच्या आवाक्यातली आहे. पण लेखकानं आणि चित्रकारानं आधी ते काम सावकाश करून पाहायला हवं. दोरा दातांनी तोडला की टोकाचे पीळ सुटतात. मग एक पदर नेढ्यातून जातो, दुसरा बाहेर राहतो आणि ओढलं की तिथंच गोळा होतो. म्हणून दोरा कात्रीनं तिरका कापायचा, टोक जरा ओलं करून चिमटीत दाबायचं आणि चिमटीबाहेर जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं ठेवायचं. मुलं बोटभर दोरा बाहेर सोडतात. तो नेढ्याशी येऊन वाकतो आणि बाजूनं निसटतो. शिवाय दोरा हातभरापेक्षा फार लांब घेतला तर टाका ओढताना गाठी पडतात. एवढ्या माहितीत चार-पाच चित्रं आहेत, आणि प्रत्येक चित्रात पान उलटायला लावणारी अडचण आहे.

ही चित्रं मुलाच्या खांद्यावरून खाली पाहिल्यासारखी काढावीत. समोरून काढली की डावं-उजवं उलटं होतं आणि पाहून करणारं मूल गोंधळतं. एका पानावर सुई उजव्या हातात आणि पुढच्या पानावर डाव्या, ही चूकही छापील पुस्तकांत सर्रास सापडते. मोठ्यांच्या नजरेतून ती सुटते, मुलांच्या सुटत नाही.

मग याच गोष्टीत आजी नातवाला बटण लावायला शिकवते. बटण कापडाला अगदी घट्ट शिवलं तर काजात नीट बसत नाही. म्हणून बटणावर आगकाडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घ्यायचे, मग काडी काढून बटण वर ओढायचं आणि खाली दोऱ्याचे तीन-चार वेढे द्यायचे. नजर नातवाची, कसब आजीचं. अशा पुस्तकात मदत दोन्ही बाजूंनी होते आणि ‘मोठ्यांना मदत करावी’ असं कुठंही लिहावं लागत नाही.

प्रकाशक म्हणतील, एवढं दाखवायला जागा कुठं आहे? मधोमध पिना मारलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत असावी लागतात. आपल्याकडे १६ आणि २४ पानी पुस्तकं जास्त निघतात. २४ पानांत पहिलं पान शीर्षकाचं धरलं आणि प्रकाशनाची बाकीची माहिती मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला दिली, तर समोरासमोरच्या पानांच्या ११ जोड्या आणि शेवटचं एक सुटं पान मिळतं. त्यातल्या निदान पाच जोड्या शिकण्याला द्या, गरज दाखवायला दोन आणि मदतीला तीन पुरतात. आणखी एक खबरदारी : २४ पानी पुस्तकात सलग कागद फक्त १२-१३ या मधल्या जोडीला मिळतो आणि तिथंच पिना असतात. बाकी जोड्यांत चित्राचे दोन तुकडे वेगवेगळे छापून घडीशी जुळवले जातात, ते मिलिमीटरभर तरी सरकतातच. त्यामुळे बोटं, सुईचं टोक, चेहरा असा महत्त्वाचा भाग घडीपासून सेंटिमीटरभर दूर हवा.

मदतीच्या चित्रणात एक चूक मात्र जिवावर बेतणारी आहे. मूल पोहायला शिकतं आणि शेवटच्या पानावर बुडणाऱ्या मित्राला वाचवायला विहिरीत उडी घेतं, असा शेवट लेखकांना मोह घालतो. बुडणारा माणूस घाबरून हाताला लागेल त्याला मिठी मारतो आणि वाचवायला गेलेलं मूलही त्याच्याबरोबर खाली जातं. आपल्या गावांत विहिरी आहेत, कालवे आहेत, प्लॅस्टिकच्या अस्तराची निसरडी शेततळी आहेत. मुलं चित्रातलं खरं धरतात. तेव्हा चित्रात दाखवायचं ते असं : मूल आधी मोठ्यानं हाका मारतं, काठावर पालथं पडून लांब काठी पुढं करतं, किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन दोरीला बांधून फेकतं. स्वतः पाण्यात उतरत नाही. याला धाडस कमी लागत नाही आणि कथाही ढिली पडत नाही. आधीच्या पानांवर त्याच मुलाला दोरीची पक्की गाठ मारायला शिकताना दाखवलं, तर गोष्ट जास्तच बांधीव होते. उडी मारणारं पुस्तक संचात असेल तर ते सरळ बाजूला काढावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मदत घेणारं पात्र कायम म्हातारं, गरीब किंवा अपंग आणि मदत करणारं मूल कायम धडधाकट, हाही साचा मोडायला हवा. कुबड्या घेऊन चालणारी मुलगी वर्गाला पतंगाची कणी बांधायला शिकवू शकते. भाकरी थापायला मुलगाही शिकू शकतो.

मजकुराबद्दल थोडक्यात. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीविव्हर’ या मोफत संकेतस्थळावर वाचनाच्या पहिल्या पातळीच्या गोष्टीला अडीचशेपेक्षा कमी आणि दुसऱ्या पातळीच्या गोष्टीला सहाशेपर्यंत शब्द हे माप आहे, ते हाताशी ठेवावं. जे चित्रात दिसतं ते वाक्यात पुन्हा सांगू नये. राज्य शासनानं २०२२ मध्ये देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ ही मराठी वळणाची अक्षरं वापरण्याचं ठरवून दिलं आहे, तरी अनुवादित पुस्तकं हिंदी वळणाच्या अक्षरांत येत राहतात. नुकतं वाचायला लागलेलं मूल तिथं अडखळतं. ‘स्टोरीविव्हर’वरच्या गोष्टी लेखक, चित्रकार आणि प्रकाशकाचं नाव देऊन छापायला परवानगी आहे, त्यामुळे पैसे नसलेल्या शाळांनीही अडून बसू नये. ए-फोर कागदावर पुस्तिका छापताना दोन्ही बाजूंच्या छपाईत कागद आखूड कडेवर उलटण्याचा पर्याय निवडावा, नाहीतर मागची पानं उलटी छापली जातात.

वाचून दाखवणाऱ्यांनी पुस्तक छातीसमोर न धरता खांद्याच्या बाजूला धरावं, म्हणजे मान वळवून स्वतःलाही वाचता येतं आणि बोटांनी चित्र झाकलं जात नाही. अडचणीच्या पानावर थांबावं, ‘आता काय करेल?’ एवढंच विचारावं आणि मुलं बोलेपर्यंत पान उलटू नये. शेवटी ‘यातून काय शिकलात?’ हा प्रश्न टाळावा. त्याला मुलं आपल्याला हवं ते उत्तर देतात. त्याऐवजी मोठ्या नेढ्याची बोथट सुई, लोकर आणि गोणपाटाचा वीतभर तुकडा हातात द्यावा. पाच-सहा वर्षांच्या मुलांना ते सहज जमतं. टोकदार सुई नंतर, आणि मोठं माणूस शेजारी असताना.

निवड करणाऱ्यांना विनंती, की संच यादीवरून मागवू नका. प्रत्येक पुस्तक उघडून शिकण्याची पानं मोजा. आपल्या वृत्तपत्रालाही विनंती आहे. रविवारच्या पुरवणीत मुलांच्या चित्रपुस्तकांना महिन्यातून एकदा तरी जागा द्यावी, परीक्षणात लेखकाबरोबर चित्रकाराचं नाव छापावं, आणि परीक्षण लिहिणाऱ्यानं पुस्तकात दाखवलेलं काम त्यातल्या चित्रांवरून एकदा स्वतः करून पाहावं.

आपली,
बालपुस्तकांची एक संपादक, पुणे