मनोऱ्याची दहावी ओळ

महोदय,

राष्ट्रीय गणित दिनाच्या (२२ डिसेंबर) अंकातल्या चौकटीत १ चा वर्ग १, ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१ असा चढता मनोरा छापला आहे. तो १११११११११ च्या वर्गापाशी, म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१ या सतरा अंकी संख्येपाशी थांबतो आणि खाली 'नवाच्या अंकाची किमया' अशी ओळ आहे. मनोरा देखणा आहे, व्हॉट्सअॅपवर तो फिरतोच. पण वर्तमानपत्रात त्याखाली दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे नाव यायला हवे होते.

देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिक्षक असलेल्या कापरेकरांनी या जातीच्या संख्यांचा अभ्यास केला आणि जी.आय.पी. रेल्वेवरच्या डेम्लो स्थानकावरून (आजची डोंबिवली) त्यांना 'डेम्लो संख्या' म्हटले. त्यांची नजर निव्वळ चढउतारावर नव्हती. मधला ९ बाजूला ठेवून डावीकडचे १२३४५६७८ आणि उजवीकडचे ८७६५४३२१ मिळवा, ९९९९९९९९ येतात. १२३२१ मध्ये १२ आणि २१ मिळून ३३, मधला अंक ३. चौकटीत यातले काहीच नाही.

राहिली नवाची किमया. गुणाकार पाटीवर मांडला की प्रत्येक ओळ एक घर सरकते आणि रकान्यात जितके एक, तितका अंक खाली उतरतो. मधल्या रकान्यात नऊ एक असेपर्यंत हातचा येत नाही, एवढेच. आपण आठच्या पायात, म्हणजे दहाऐवजी आठ झाले की हातचा, असे मोजत असतो तर मनोरा सातव्या ओळीलाच संपला असता. संगणकवाल्यांच्या सोळाच्या पायात तो पंधराव्या ओळीपर्यंत चढतो.

खरी मौज चौकट जिथे संपते त्याच्या पुढच्या ओळीत आहे. दहा एकांचा, म्हणजे ११११११११११ चा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१. हातच्याने घात केला, चढत्या बाजूचा आठ गायब, मध्ये दोन शून्ये. दिसायला बिघडलेलीच संख्या. आता उजवीकडचे दहा अंक तोडा: ०९८७६५४३२१. डावीकडे उरतात १२३४५६७९०. दोन्ही मिळवा, बेरीज ११११११११११. जिचा वर्ग केला तीच संख्या परत! ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५, तसेच हे. अशा संख्यांना जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात. पहिल्या नऊ ओळींत मात्र, १ सोडला तर, एकही कापरेकर संख्या नाही. ९९९९९९९९९९ ने या वर्गाला भाग देऊन पाहिले की हे का घडते तेही उलगडते. आठवी-नववीच्या मुलांना जमण्यासारखे आहे.

पुढच्या वर्षी चौकट छापाल तेव्हा एक ओळ जास्त द्यावी, आणि कापरेकरांचे नाव. जागा कमी पडली तर 'किमया' खुशाल काढा.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)