तरतूद नाही म्हणजे मनाई आहे का?

प्रति,
मा. बंदरे विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मुंबईत स्वतःच्या बोटीवर राहण्याबाबत

महोदय,

34 वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून मी निवृत्त झालो आणि फंडाच्या पैशांतून एक जुनी 32 फुटी शिडाची बोट घेतली. गेटवेसमोर मुरिंगला, म्हणजे तळाशी पक्क्या केलेल्या तरंगत्या बोयाला, बांधलेली असते. दोन बंक, एक शेगडी, हातपंपाचा संडास. आम्हा नवराबायकोला पुष्कळ झालं. तिच्यावर राहायचं आहे, एवढ्यासाठी दोन वर्षं कार्यालयं हिंडतोय.

एका ठिकाणी साहेब म्हणाले, "तशी तरतूद नाही." मी विचारलं, मनाई आहे का? "मनाईचीही तरतूद नाही." दुसरीकडे अर्जात कायमचा पत्ता मागितला. मी बोटीचं नाव लिहिलं, तर खिडकीतल्या बाईंनी हसून पिनकोड विचारला.

बरं, शेजारच्या यॉटींवर माणसं राहतातच की! मालक शनिवारी संध्याकाळी उगवतो, खलाशी मात्र अख्खा मोसम तिथंच झोपतो, तिथंच भात शिजवतो. ससून डॉकच्या ट्रॉलरवरचे तांडेल नि खलाशी तर दिवसचे दिवस दर्यावर असतात. पगारासाठी बोटीवर राहिलेलं चालतं, स्वतःच्या बोटीवर स्वखुशीनं राहायचं म्हटलं की तरतूद आठवते.

खरी अडचण पावसाळ्याची, आणि ती कागदाची नाही. गेटवेसमोरची जागा उघडी आहे. नैऋत्येचा वारा लागला की हार्बरच्या तोंडातून लाटा आत शिरतात, गेटवेच्या लाँचेस ऑगस्टअखेरपर्यंत बंद होतात आणि आम्हाला बोटी पाण्याबाहेर काढाव्या लागतात. त्यात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत साडेचार-पाच मीटरचा फरक. धक्क्याला आखूड दोरी बांधून झोपलात, तर ओहोटीला बोट दोरीला लटकलेली सापडेल. म्हणून पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता धक्का हवा, आणि त्याच्यापुढे लाट अडवणारा बांध. हे आपल्याला नवीन नाही. मांडव्याला बांध आहे, म्हणून भाऊच्या धक्क्यावरून 2020 मध्ये सुरू झालेली रो-रो, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणारी बोट, पावसाळ्यातही तिथं लागते. इंदिरा डॉकचे दरवाजे तर 1914 पासून ओहोटीतही आतलं पाणी अडवून धरताहेत.

मुंबईत मरीनाची, म्हणजे खासगी बोटी लावायच्या बंदराची, चर्चा निघाली, की ती हॉटेलं आणि पार्किंगवर जाऊन थांबते. माझी विनंती आहे की आराखड्यातच राहत्या बोटींसाठी थोड्या जागा ठेवा. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात मरीनातल्या 10 टक्क्यांपर्यंत जागा अशा बोटींना देता येतात. इंग्लंडच्या कालव्यांवर, ज्या बोटीला ठरलेली जागा नाही तिला साधारणपणे 14 दिवसांच्या वर एका ठिकाणी थांबता येत नाही. दोन्हीकडे मर्यादा आहे, आणि मर्यादा आहे म्हणूनच हक्क आहे.

उद्या तरंगती झोपडपट्टी होईल, ही भीती मी ऐकली आहे. तरंगत्या हॉटेलाची भीती मला जास्त वाटते. दोन्हींवर उपाय एकच : बोट स्वतःच्या शिडानं वा इंजिनानं वर्षातून दोनदा बंदराबाहेर जाऊन आली पाहिजे, आणि ती भाड्यानं देता येणार नाही. मैल्याची टाकी उपसायला धक्क्यावर पंप हवाच. (वरळी आणि वांद्र्याच्या नळांतून शहर स्वतः समुद्रात काय सोडतं, तो विषय इथं काढत नाही.) आणि यातली एकही जागा कोळी बांधवांच्या नांगरावर किंवा जाळी वाळवायच्या जागेवर येऊ नये. तसं होणार असेल, तर माझा अर्ज रद्द समजावा.

बायकोची एक अट आहे, बोटीवर रेशनकार्ड येईपर्यंत माझगावची खोली सोडायची नाही. ती अट मला मान्य आहे.

मेअखेरीस बोट पुन्हा पाण्याबाहेर काढावी लागेल. तोवर हा अर्ज नेमका कोणत्या खात्यात द्यायचा, एवढं तरी कळवावं.

आपला,
एक बोटमालक, माझगाव